फक्त फॅमिलीसाठी

गाझियाबाद
११ सप्टेंबर २०२४

सौ. कुसुमावतीस,

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर लगेच सुरुचीच्या हातात देतेस, आणि माझ्या बहिणीची ती पोर "मामा, मामी गिरणीत आहे" एवढंच पाठ केल्यासारखं म्हणते. म्हणून लिहितो. स्पीड पोस्टने पाठवतोय. सही करून घे, पोस्टमनला दारात ताटकळत ठेवू नकोस.

कामाचं सांगतो. मी खोली बदलली. जुन्या मालकाने मकान विकलं, सगळ्यांना काढलं. नवी जागा बरी आहे. पहिला मजला, वर गच्ची, पाणी दोन्ही वेळ. खाली मालक राहतात, त्यागी म्हणून. माणूस सरळ वाटतो. पण त्यांच्या गेटवर पाटी होती, "किराये के लिए खाली है. ओन्ली फैमिली." दलालाने मला आधीच सांगून ठेवलं, "अंकल, अकेले आदमी को नहीं देते. बोल देना फैमिली गांव से आ रही है." मी बोललो. त्यागीजींनी विचारलं, "कब तक आएगी फैमिली?" मी म्हटलं, "दशहरे तक."

तर दसऱ्याच्या आत ये.

कायमची राहा असं मी म्हणत नाही. पंधरा दिवस राहा, महिना राहा. चार लोकांनी तुला जिन्यात चढता-उतरताना बघितलं की काम झालं. मग तू आणि तुझी गिरणी. तोपर्यंत सुरुची बघेल, तिला पट्टा चढवता येतो असं मागे तीच सांगत होती.

मला न्यायला येता येणार नाही, ड्युटी असते. पुण्याहून गाडीत बसलीस की निजामुद्दीनला उतर, तिथे मी असेन. सामान जास्त आणू नकोस. गादी आहे. दुसरी उशी घेऊन ठेवली आहे. येताना ज्वारीचं पीठ आण, इथलं कडू लागतं. तुझ्या गिरणीतलंच आण असं नाही, पण आणणार तर तेच आणशील ना.

आपण समोरासमोर बसून जेवल्याला सात वर्षं होत आली. मी काही हिशोब करत बसलेलो नाही. पेन्शन कधी सुरू झाली ते लक्षात असतं, त्यावरून कळतं.

दसरा लक्षात ठेव.

हणमंत


गाझियाबाद
२९ सप्टेंबर २०२४

कुसुमावती,

सुरुचीने फोनवर तुझा निरोप दिला. "मामी म्हणते, मी काय भाड्याची पावती आहे का, मालकाला दाखवायला? फॅमिली पाहिजे तर म्हणावं दिल्लीत भाड्याने मिळते का बघा." असं म्हणून ती पोरगी हसली. तू तिच्या मागेच उभी होतीस. गिरणी चालू होती, मला ऐकू येत होती.

एक गोष्ट सांगतो. फॅमिली हा शब्द मी काढलेला नाही. माझी सातवी, तीही धड नाही. नोकरीला लागलो तेव्हा मला गाडी येत होती आणि इंग्रजीतलं स्टॉप आणि गो. पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले, "हणमंत, फैमिली को सरोजिनी नगर मार्केट ले जाना." मी गाडी लावली, मागचं दार उघडून उभा. बाई आल्या, बसल्या. मी दार धरूनच उभा. बाई म्हणाल्या, "चलो." मी म्हटलं, "मॅडम, बाकी लोग?" त्या म्हणाल्या, "कौन बाकी लोग?" मला वाटलं होतं पोरंबाळं, म्हातारी, सगळी वरात उतरेल. ऑफिसात ते ऐकून सगळे महिनाभर हसत होते. तेव्हा कळलं की सरकारात फॅमिली म्हणजे बायको. एकटीच.

मग तो शब्द मी रोज ऐकला. फैमिली को स्टेशन छोड़ दो. फैमिली की तबियत ठीक नहीं, आज गाड़ी जल्दी लगाना. कुणाला रजा हवी असली की फैमिली प्रॉब्लम. क्वार्टर मागायला गेलं की पहिला प्रश्न, फैमिली साथ में रखोगे? इथे ढाब्यावर जा, अर्ध्या भागाला पडदा. मी तिकडे वळलो की पोऱ्या म्हणतो, "अंकल, उधर बैठिए, ये फैमिली साइड है." मी उभा जन्म उधर बसलोय. उधर पंखा नसतो.

मागच्या उन्हाळ्यात आइस्क्रीम आणलं. छोटा डबा नव्हता, फॅमिली पॅक होता. तो खायला मला उन्हाळा पुरला नाही.

आणि पेन्शनच्या कागदात फॅमिली पेन्शन म्हणजे मी मेल्यावर तुला मिळणारी. म्हणजे मी जिवंत आहे तोवर तू कोण हे सरकारलाही सांगता येत नाही. मग माझ्यावर कशाला चिडतेस?

तुझे वडील काय म्हणायचे? "बसा, आमचं कुटुंब चहा करतंय." कुटुंब म्हणजे तुझी आईच ना? तेव्हा तुला राग नाही आला. इंग्रजीत म्हटलं की राग आला.

त्या पेन्शनच्या कागदांसाठी आपला जोडीचा फोटो काढला होता, आठवतं? त्यासाठीच तू गावाहून आली होतीस, फोटो काढून चौथ्या दिवशी परत. स्टुडिओवाला म्हणाला, "भाभीजी, थोड़ा पास. फैमिली फोटो है, पासपोर्ट नहीं है." तू सरकलीस, पण किती? बोटभर. त्यातली एक कॉपी माझ्याकडे आहे. त्यागीजींना दाखवली, म्हटलं ही बघा, हीच येणार आहे. त्यांच्या बायकोने निरखून बघितलं आणि म्हणाली, "आंटी गुस्से में हैं क्या?" मी म्हटलं, "उनका चेहरा ही ऐसा है."

तसा नाहीये. पण तिला काय सांगायचं.

तुझा राग कशाचा आहे तेही मला कळतं, मी काही खुळा नाही. रिटायर होऊन गावी आलो तेव्हा मी गिरणीत नंबराची टोकनं सुरू केली. काय चुकलं? बायका डबे ओळीत ठेवून निघून जातात, कुणाचा डबा कधी पुढे सरकतो पत्ता नाही. दिल्लीत साध्या दूधडेपोवर लाईन असते. तर तू सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, "तुम्ही पाहुणे आहात. तिकडे बाजूला बसा, चहा पाठवते." सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी मी बॅग उचलली. तू अडवलं नाहीस. मला इथे प्रायव्हेट कंपनीत गाडी मिळाली, मी लागलो. त्यात एवढं सात वर्षं पुरेल असं काय होतं, ते तू सांग.

टोकनं बरोबर होती.

दसरा जवळ आला आहे.

हणमंत


गाझियाबाद
८ ऑक्टोबर २०२४

कुसुमावती,

तुझं काही आलं नाही. दसरा शनिवारी आहे.

मी एक केलं आहे, ते सांगून ठेवतो. मागाहून सुरुचीकडून कळायला नको.

तुझी एक साडी माझ्याकडे आहे. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आली होतीस तेव्हाची. सुती, मोरपंखी, बारीक काठाची. आईचं कंबरेचं हाड मोडलं म्हणून तू घाईने गावी गेलीस ना, तेव्हा ती मागच्या दोरीवर राहिली. विसरलीस की ठेवलीस, तुझं तुला माहीत. मी पाठवली नाही. म्हटलं, आई बरी झाली की येईलच. आई काही उठली नाही, तू तिचं सगळं केलंस, ती गेली, मग तू गिरणी टाकलीस. मी एकट्याने क्वार्टर वापरलं. रिटायर झालो, खोल्या बदलल्या, साडी बॅगेत.

तर त्यागीजींची बायको दोनदा विचारून गेली, "अंकल, आंटी आ गईं?" मी रविवारी ती साडी भिजवली, पिळली आणि वर गच्चीवर दोरीला घातली. बास. मी तोंडाने काही बोललो नाही. संध्याकाळी तीच खालून म्हणाली, "अच्छा, आ गईं!" मी मान हलवली. ती मान हो अशी हलली की नाही अशी, ते तिने ठरवायचं.

आता दर रविवारी घालावी लागणार.

हसू नकोस. पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक मी नळाला बांधलं.

परवा बसने लक्ष्मीबाई नगरला जाऊन आलो. काम काही नव्हतं. जुने ब्लॉक पाडून उंच बिल्डिंगा केल्यात, आपला जिना कुठे होता तेही सांगता येत नाही. गेटवरचा गार्ड म्हणाला, "किससे मिलना है?" मी म्हटलं, "किसी से नहीं." तो म्हणाला, "तो फिर?" मी परत फिरलो. भाजीवाला मात्र त्याच वळणावर बसतो, तोच, म्हातारा झालाय. तू त्याच्याशी मराठीत भांडायचीस, तो हिंदीत, आणि कोथिंबीर तू फुकटच न्यायचीस. त्याने मला ओळखलं नाही. मग मी म्हटलं, ती बाई, जी "अरे मेल्या" म्हणायची. लगेच ओळखलं. "अरे मेल्या वाली भाभीजी! कैसी हैं?" मी म्हटलं, ठीक हैं.

ठीक आहेस ना?

त्याने कोथिंबिरीची जुडी दिली. मी एकटा माणूस कोथिंबिरीची जुडी काय करू. पेल्यात पाणी घालून ठेवली आहे.

शनिवारपर्यंत नाही जमलं तर दिवाळीपर्यंत ये. त्यागीजींना मी बघून घेतो.

हणमंत


गाझियाबाद
२१ ऑक्टोबर २०२४

कुसुमावती,

तुझा निरोप मिळाला. सुरुची म्हणाली, "मामी एवढंच म्हणाली, साडी उन्हात घालू नका, रंग उडेल. सावलीत वाळवा." मी दोनदा विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, "नाही मामा, एवढंच. पण मामी स्वतःहून म्हणाली, मी विचारलं नव्हतं."

दोरी पाण्याच्या टाकीमागे हलवली. तिथे सावली असते.

पण आता त्याचा उपयोग नाही. काल सगळं उघडं पडलं. तू खूश होशील.

काल इथे करवा चौथ होती. तुला माहीत आहे ते, लक्ष्मीबाई नगरात शेजारणी करायच्या, दिवसभर उपाशी, रात्री चाळणीतून चंद्र बघायचा आणि मग नवऱ्याच्या हातून पाणी. तू म्हणायचीस, "यांचे नवरे एवढे अशक्त आहेत का, की बायकांनी उपाशी राहून जगवायचे?" तर सकाळीच त्यागीजींची बायको दारात. मेंदी, बांगड्या, सगळं. "अंकल, आंटी को बोलिए शाम को ऊपर आ जाएं, साथ में पूजा करेंगे." मी म्हटलं, "हमारे यहां ये नहीं होता." ती म्हणाली, "तो देखने आ जाएं. मैंने आज तक उनकी शक्ल नहीं देखी!" मी म्हटलं बघतो.

संध्याकाळी मी दार लावून बसलो. दिवा लावला नाही. मी, सदुसष्ट वर्षांचा माणूस, स्वतःच्या खोलीत भाडं भरून चोरासारखा बसलोय. वर बायकांची पावलं, हसणं. मग गच्चीवरून हाक, "अंकल! चांद निकल आया! आंटी को भेजिए!" पुन्हा हाक. मग जिन्यात कुणीतरी उतरायला लागलं.

मला असला तमाशा जमत नाही. मी दार उघडलं आणि सरळ वर गेलो. गच्चीवर पाच-सहा बायका, त्यांचे नवरे, त्यागीजी हातात तांब्या घेऊन उभे. मी म्हटलं, "नहीं आई. शुरू से नहीं आई. साड़ी मैं ही सुखाता हूं. खोली खाली करनी है तो बोल दीजिए, महीना पूरा होने पर कर दूंगा."

त्यागीजींची बायको चाळणी घेऊन तशीच उभी. मग म्हणाली, "अंकल, मुझे दूसरे इतवार को ही पता चल गया था. जो साड़ी हर हफ्ते धुलती है और कोई पहनता नहीं, उस पर पहनने की एक सिलवट नहीं होती." आणि म्हणाली, "और निचोड़ना भी नहीं आता आपको." सगळ्या हसल्या. पण वाईट नाही हसल्या.

मी त्यागीजींना म्हटलं, मग आज आंटीला कशाला बोलावलंत? त्यांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "मैंने सोचा आज के दिन तो सच बोलेंगे."

पुढचं ऐक. मी म्हटलं, पाटीवर ओन्ली फैमिली लिहिलंय. त्यागीजी माझ्याकडे असं बघायला लागले जसं मी चीनमधून आलोय. "अरे अंकल, वो तो लड़कों के लिए है! रात भर पार्टी करते हैं, इसलिए. आप कौन से बैचलर हो?" दलालाने नसता घोळ घातला. ते म्हणाले, "आप जब तक चाहें रहिए. अकेले रहिए, कोई दिक्कत नहीं." मग बायकोला पाणी पाजलं, मला पुरी-भाजी वाढली. मी तिथेच टाकीशेजारी उभ्याने खाल्ली.

म्हणजे तुला यायची गरज नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती.

खाली आलो, दिवा लावला. अकेले रहिए, कोई दिक्कत नहीं. त्या माणसाने चांगल्या मनाने म्हटलं. मी मात्र रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो. पुरी तेलकट होती.

तर आता नियम नाही. तुझी सुटका झाली.

हणमंत


गाझियाबाद
९ नोव्हेंबर २०२४

कुसुमावती,

दिवाळी झाली. सुरुचीने तुझा प्रश्न सांगितला. "मामी विचारते, आता खोलीला फॅमिली लागत नाही, तर मग मामांना आता काय पाहिजे?" सुरुची म्हणाली, "मामा, नीट विचार करून सांगा हं, मामीने हे दोनदा म्हणून बघितलं आणि मग मला सांगितलं."

मी फोनवर म्हटलं, लिहून कळवतो. तेव्हापासून रोज कागद घेऊन बसतो. इथे धूर पडलाय, खिडकी लावून घ्यावी लागते, बाहेर जाता येत नाही, म्हणून वेळ आहे. तसा वेळ मार्चपासूनच आहे. ड्युटी नाही. कंपनीने डोळे तपासले आणि गाडी दुसऱ्याला दिली. पहिल्या पत्रात ड्युटी असते असं लिहिलं ते तसंच लिहिलं.

आता तुझ्या प्रश्नाचं.

गेल्या महिन्यात मी थालीपीठ लावलं. उलटायला गेलो आणि हातातल्या वस्तूचं नाव आठवेना. पलटा, पलटा, एवढंच येत होतं. आपण काय म्हणतो त्याला? तवा तसाच गॅसवर. थालीपीठ जळलं. दोन दिवस मी तेच आठवत होतो, बसमध्ये, बँकेत. शेजारी विचारायला मराठी माणूस नाही. तुला फोन करावा असं वाटलं. काय म्हणणार? सात वर्षं झाली, आणि ते सोड, पलट्याला काय म्हणतात सांग? तिसऱ्या दिवशी दाढी करताना आपोआप आलं. उलथनं. मी आरशासमोर मोठ्याने म्हटलं. ऐकायला कुणी नव्हतं.

हे तुझं उत्तर आहे की नाही मला माहीत नाही.

सकाळी उठलो की चहा दोन कपाचा टाकतो. सवय नाही, दोन कपाचा बरा होतो. मग दोन्ही मीच पितो. भाजीवाला अर्धा फ्लॉवर देत नाही, अख्खा घ्यावा लागतो, चार दिवस तोच. टीव्हीवर काहीतरी मूर्खपणाचं बोलतात तेव्हा मी शेजारी बघतो. तू असतीस तर काहीतरी म्हणाली असतीस. काय म्हणाली असतीस ते मी मनात जुळवून बघतो, पण तुझ्यासारखं जमत नाही. मी कल्पना करतो त्यापेक्षा तू जास्त खवचट बोलतेस.

मी असलं कधी लिहिलं नाही. वाचून झालं की चुलीत घाल. सुरुचीला दाखवू नकोस.

आता तू म्हणशील, म्हणजे या वयात गिरणी बंद करून मी तिकडे धुरात यायचं का? मी तेही डोक्यात फिरवून बघितलं. इथे तू काय करशील? जिन्यात चढशील, उतरशील, लोक बघतील. तुझ्याकडे पहाटे दळण घेऊन अर्धं गाव उभं असतं. तू तिथली आहेस. मला इथे फक्त त्यागीजींची बायको हाक मारते, तीही साडी पिळायला शिकवायला.

तर ये असं मी आता म्हणत नाही. आयुष्यभर मी तुला ये म्हटलं आणि जा म्हटलं. क्वार्टर मिळालं, ये. आई आजारी, जा. फोटो काढायचा, ये. या वेळचंही तसंच होतं.

उलट विचारतो. मी येऊ का?

पाहुणा म्हणून नाही. पाहुणा म्हणून एकदा येऊन बघितलं. राहायला. घर तुझं, गिरणी तुझी, वीजबिल तुझ्या नावावर. सरकारात मी एक मॅडम साहेबांची गाडी चालवली होती, त्यांच्या नवऱ्याला कुणी कधी फॅमिली म्हटलं नाही, जीभच वळत नसे. तुझ्या गिऱ्हाइकांना वाटलं तर मला म्हणू देत, गिरणीवालीची फॅमिली. हसू देत. मी खुर्ची तू सांगशील तिथे टाकीन. डब्यांना हात लावणार नाही. पीठ चाळायचं असेल, पोती उतरवायची असतील, तर सांग, खांदे अजून चांगले आहेत. डोळे गाडीपुरते गेलेत, माणूस दिसतं.

तू नको म्हणालीस तर इथे मला कुणी काढत नाही. ती भीती नाही. त्यासाठी विचारत नाही, हे नीट वाच.

लोक म्हणाले, आधी तिकीट काढा, थंडीत गाड्या भरतात. मी काढलेलं नाही. स्टेशनवर जाऊन खिडकीपर्यंत पोचलो होतो, माझा नंबर आला, बाबूने विचारलं, "कहां का?" मी बाजूला झालो. मागच्या माणसाला म्हटलं, आप लीजिए. तुझं काही कळल्याशिवाय ते नाव मला सांगता येईना.

मला वाट बघता येत नाही, ते तुला माहीत आहे. या वेळी बघतो आहे.

हणमंत